पांढऱ्या प्रकाशातील पट्टे

तरंगप्रकाशशास्त्र मी एकट्याने शिकलो. यात अभिमानाचे काही नाही. शिकवणारे कुणी नव्हते, इतकेच. कॉलेजच्या अभ्यासक्रमात हा भाग अगदी शेवटी येई आणि वर्ष त्याच्या आधी संपत असे. जी परीक्षा मला द्यायची होती तिच्यात मात्र त्यावर हमखास प्रश्न असत.

परीक्षा रेल्वेची होती. बारावीच्या वयाची मुले देशभरातून निवडायची आणि त्यांना यांत्रिक विभागाचे अधिकारी म्हणून घडवायचे, अशी ती योजना होती. आधी लेखी परीक्षा, मग दिल्लीला मुलाखत, शेवटी वैद्यकीय तपासणी. जागा अगदी मोजक्या. सत्तरचे दशक संपत आले होते आणि नाशिकमध्ये या परीक्षेला बसणारा दुसरा कुणी मला माहीत नव्हता. मुंबई-पुण्याकडे असतील, त्यांचे शिकवणीवर्गही असतील. मला त्यांची कल्पना नव्हती, त्यांना माझी असण्याचे कारण नव्हते.

वडील नाशिक रोडच्या पुढे एका लहान स्टेशनावर केबिनमध्ये कामाला होते. लिव्हर ओढून सांधे बदलायचे, सिग्नल द्यायचा, गाडी निघून गेली की लिव्हर परत जागेवर ठेवायचा, हे त्यांचे काम. आम्ही नाशिक रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत असू. एकदा तपासणीला आलेला एक अधिकारी केबिनचा जिना चढून वर आला. वयाने तो वडिलांच्या धाकट्या भावाएवढाही नव्हता. त्याने एका लिव्हरवरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि काही न बोलता खाली उतरला. तो गेल्यावर वडिलांनी स्टेशनमास्तरांना विचारले की एवढ्या कोवळ्या वयात माणूस साहेब कसा होतो. मास्तरांनी या परीक्षेचे सांगितले. संध्याकाळी घरी आल्यावर वडील मला म्हणाले, "अशी एक परीक्षा असते. बघ."

वडिलांचे 'बघ' म्हणजे हुकूम असे. त्या वर्षी त्यांनी आपले फुकट प्रवासाचे पास कुणालाही वापरू दिले नाहीत. आईला नांदगावला भावाकडे जायचे होते, तेही पुढे ढकलले. पास माझ्या मुंबईच्या आणि दिल्लीच्या प्रवासासाठी राखून ठेवले होते. मी अजून अर्जही भरला नव्हता. घरात कुणी त्याविषयी बोलत नसे, पण प्रवास मला करायचा आहे हे ठरून गेले होते.

दुपारी कॉलेजातून परतल्यावर मी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसे. नाव इन्स्टिट्यूट असले तरी ती कर्मचाऱ्यांच्या करमणुकीची जागा होती. पुढच्या खोलीत कॅरम चाले आणि मागच्या खोलीत वर्तमानपत्रे, कपाटे व एक लांब टेबल होते. त्या टेबलाच्या टोकाला माझी जागा होती. दहावीपर्यंत सर्व काही मी मराठीतून शिकलो होतो. पुस्तक इंग्रजी होते. एक पान वाचायला आधी तासभर लागे, मग तेच पान समजायला दुसरा तास. पुढच्या खोलीतून सोंगट्यांचा आवाज येई, कुणीतरी हरल्याचे हसू येई. माझ्या खोलीत येणारा माणूस वर्तमानपत्र उचलून निघून जाई. काही महिन्यांनी लोक मला टेबलाचाच भाग समजू लागले.

त्या पुस्तकात एक वाक्य होते. त्याचा अर्थ असा की, योग्य परिस्थितीत प्रकाशात प्रकाश मिळवला तर अंधार मिळतो. ते मी पुनःपुन्हा वाचले. शब्द सगळे कळत होते. एका दिव्याचा प्रकाश दोन अरुंद फटींतून सोडला, तर पडद्यावर दोन उजळ रेघा न उमटता एकाआड एक उजळ आणि काळे पट्टे उमटतात. दोन्ही लाटांचे उंचवटे एकत्र आले की उजेड. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आला की काळोख. दोन वेगळे दिवे घेतले तर हे घडत नाही. त्यांच्या लाटांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. मला त्या दुपारी हे कुणाला तरी सांगावेसे वाटले. घरी आलो तेव्हा आई भाकरी करत होती. धाकटी बहीण पाढे म्हणत होती. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा एक जोडीदार होता. मित्र म्हणण्यासारखा तोच एक. निफाडकडचा, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. वसतिगृहात राहत असे. आमच्याकडे प्रयोग जोडीने करायची पद्धत होती आणि तिचा एक अलिखित नियम होता. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. पाहणाऱ्याने आकडा उच्चारायचा, लिहिणाऱ्याने तो तक्त्यात मांडायचा. वर्षभर त्यात बदल होत नसे. त्यामुळे अर्धा वर्ग भौतिकशास्त्र डोळ्यांनी शिके आणि अर्धा कानांनी. आमच्या जोडीत पाहणारा मी होतो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "तू बघ, मी लिवतो. मला त्या नळीत माझीच पापणी दिसती."

दुसरी पद्धत जर्नलची. मागच्या वर्षीच्या हुशार मुलांची जर्नले हातोहात फिरत. निरीक्षणे, आकडे, निष्कर्ष, सगळे त्यांतून उतरवले जाई. प्रयोग केला तरी जर्नलात लिहायचे ते जुन्या जर्नलातलेच, कारण ते तपासून झालेले असे आणि त्यावर सही पडलेली असे. काय दिसले आणि काय दिसायला हवे, या दोन गोष्टींत फरक करण्याची कुणाला सवय नव्हती. प्राध्यापकांनाही नव्हती.

बायप्रिझमचा प्रयोग अंधाऱ्या खोलीत असे. बायप्रिझम म्हणजे जवळजवळ सपाट असा काचेचा लोलक; तो एका फटीची दोन प्रतिबिंबे तयार करतो आणि त्या दोहोंच्या प्रकाशातून पट्टे उमटतात. खोलीला काळे पडदे होते आणि उजेडाला एकच सोडियमचा दिवा. तो तापायला वेळ घेई. जोडीदार म्हणे की तो आधी गुलाबी असतो, मग पिवळा होतो. मला तो आधी मंद आणि मग प्रखर होताना दिसे. एकदा दिवा पूर्ण पेटला की खोलीतल्या सर्व वस्तूंचे रंग नाहीसे होत. कपडे करडे, ओठ काळे, हातांवरच्या शिरा काळ्या. मुलांना त्याची गंमत वाटे. एकमेकांना मढे म्हणून चिडवत. मला त्या खोलीत फार बरे वाटे. बाहेरच्या जगात लोक मला सतत काहीतरी दाखवत आणि ते मला पटकन सापडत नसे. इथे कुणी काही दाखवत नव्हते. आयपीसमध्ये बारीक, सरळ, एकसारखे पट्टे उभे असत आणि ते माझ्याइतके स्वच्छ कुणालाच मोजता येत नसत. इतर जोड्याही मला बोलावून नेत. जोडीदार अभिमानाने सांगे, "आमच्या गड्याचा डोळा लय बारीक हाय. सुईच्या नाकातून हत्ती मोजील."

परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न वारंवार येई. सोडियमऐवजी पांढरा प्रकाश वापरला तर पट्टे कसे दिसतील? उत्तर मला पाठ होते. मधला पट्टा पांढरा. बाजूचे पट्टे रंगीत. निळ्या-जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी, म्हणून त्याचे पट्टे जवळजवळ. लाल प्रकाशाची जास्त, म्हणून त्याचे दूरदूर. तेव्हा प्रत्येक रंगीत पट्ट्याची आतली कड निळसर-जांभळी आणि बाहेरची लाल. लेखी परीक्षेला थोडे दिवस उरले असताना मी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची मनधरणी करून तो प्रयोग मांडायची परवानगी मिळवली. अभ्यासक्रमात तो नव्हता. जोडीदाराला चित्रपटाला जायचे होते, तरी तो आला.

सोडियमचा दिवा काढून आम्ही साधा बल्ब लावला. मी सवयीने सांगायला लागलो, "लिही. मध्यभागी पांढरा पट्टा. दोन्ही बाजूंना रंगीत पट्टे. आतली कड जांभळी, बाहेरची कड लाल."

"बघ तरी आधी," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग मी बघतो. वर्षभर नुसतं लिवतोय."

त्याने आयपीसला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "आयला. हे एवढं असतं होय यात?" त्याने मला ओढून पुढे केले. मी पाहिले. मधला पट्टा पांढरा होता. बाजूला निळसर काही होते, त्यापलीकडे पिवळट, मग गढूळ. मी म्हणालो की बरोबर आहे.

"तो लाल बघ की. डाळिंबाच्या दाण्यावानी हाय."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? तूच सांगितलंस ना आत्ता. भाईरच्या कडंला."

मी पुन्हा पाहिले आणि दिसतो म्हणालो. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपल्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली आणि विचारले, "हा कंचा रंग?"

"तपकिरी."

तो मोठ्याने हसला. "हिरवा हाय, लेका. यात्रेत घेतलाय आईनं. गंमत करतो व्हय माझी?"

मी होय म्हणालो.

त्या वेळी मला शंका आली का, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. आली नाही. माझी रंगांची नावे चुकतात हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि आईच्या मते ते माझे लक्ष नसल्यामुळे होते. टोमॅटो आणायला पाठवले की मी कच्चे आणत असे. तेही लक्ष नसल्यामुळेच. शिवाय जर्नलांनी मला एक गोष्ट शिकवली होती. पुस्तकात जे लिहिलेले असते ते प्रत्यक्षात कुणालाच तितके स्पष्ट दिसत नाही, तरी सगळे लिहितात. लाल कड ही अशीच लिहायची गोष्ट आहे, अशी माझी समजूत होती. इतर मुलेही न पाहता लिहीत होतीच. फरक इतकाच, की त्यांनी पाहिले असते तर त्यांना दिसले असते.

लेखी परीक्षा मुंबईला झाली. पांढऱ्या प्रकाशाचा प्रश्न आला. मी तो पूर्ण सोडवला, आकृतीसह, कडांच्या रंगांसह. मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा वडिलांनी ते पत्र उभ्याने वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि ड्यूटीवर घेऊन गेले. ते त्यांनी कुणाला दाखवले, मला माहीत नाही. पण त्यानंतर वसाहतीतली मोठी माणसे मला नावाऐवजी 'साहेब' म्हणू लागली. त्यात थट्टा होती, पण सगळी थट्टा नव्हती. आई नांदगावला जाऊन आली नव्हती, तरी तिथे भावाला तिने निरोप धाडला होता की भाचा आता रेल्वेचा मोठा साहेब होणार.

दिल्लीची मुलाखत चांगली झाली. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग का दिसतात, असे एका सदस्यांनी विचारले. तेलाचा पातळ थर, वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटा, त्यांच्या मार्गांतला फरक, हे सगळे मी अडखळत्या पण चुका नसलेल्या इंग्रजीत सांगितले. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. शेवटी मधल्या खुर्चीवरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला पुन्हा भेटायला आवडेल." मी बाहेर आलो तेव्हा माझे पाय हलके होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या मुलाखतीविषयी नंतर पुष्कळ बोलले गेले.

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी होती. उंची, छाती, कान, दात. डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते. भिंतीवरची अक्षरे मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्यांनी मान डोलावली आणि एक जाड पानांचे पुस्तक पुढे केले. प्रत्येक पानावर लहानमोठ्या ठिपक्यांचे एक वर्तुळ होते. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पहिला वाचला. दुसऱ्या पानावर मला आकडा दिसला नाही. तिसऱ्यावर दिसला तो मी सांगितला. डॉक्टरांनी तेच पान पुन्हा पुढे केले. मी तोच आकडा सांगितला. मला वाटले, ही बुद्धीची चाचणी आहे. ठिपक्यांच्या आकारात काही क्रम असेल म्हणून मी तो शोधू लागलो.

"शोधू नका," डॉक्टर म्हणाले. "दिसतो तेवढाच सांगा."

"इथे काही नाही."

त्यांनी आणखी काही पाने उलटली. मग पुस्तक उघडेच ठेवून त्यांनी विचारले की मी काय शिकतो. मी भौतिकशास्त्र म्हणालो.

"लाल प्रकाशाची तरंगलांबी हिरव्यापेक्षा जास्त की कमी?"

"जास्त."

"या पानावर लाल कुठे आहे, दाखवा."

मी पानाकडे पाहिले. बोट उचलले, पण ते कुठे ठेवावे हे कळेना. डॉक्टरांनी पुस्तक मिटले. ते कठोर नव्हते. हे जन्मापासून असते, औषध नाही, वाढणार नाही आणि कमीही होणार नाही, असे त्यांनी सांगितले. आईच्या भावांपैकी कुणाला आहे का, असे विचारले. मला ठाऊक नव्हते. आईकडून मुलाकडे येते, आईला स्वतःला त्रास नसतो, एवढे सांगून त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

परतीच्या प्रवासात मी खिडकीबाहेर पाहिले नाही.

नाशिक रोडला वडील फलाटावर आले होते. ड्यूटी संपवून गणवेशातच. त्यांनी माझी पिशवी घेतली. पादचारी पुलावर मी त्यांना सांगितले. ते थांबले, पिशवी खाली ठेवली. मी तीन-चार वाक्यांत सगळे सांगून टाकले. खालून एक मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते कठड्यावरून खाली पाहत होते.

"तुझा मामा इंजिनावरच्या फायरमनच्या भरतीला गेला होता," ते म्हणाले. "डोळ्यांत नापास म्हणून परत आला. आम्हाला वाटलं, नजर अधू असेल."

डॉक्टरांनी आईच्या भावांविषयी विचारले होते आणि हे आईकडून येते म्हणाले होते, ते मी सांगितले.

"आईला काय सांगणार आहेस?"

"खरं ते."

"नको. ती मनाला लावून घेईल. भावाचंही तिच्याच घरातून आणि तुझंही तिच्याकडून, असं होईल." मग म्हणाले, "शिवाय तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय. घरात डोळ्यांचं काही आहे असं एकदा बाहेर गेलं की संपलं. मुलाखतीत राहिला म्हणून सांगू."

"मुलाखत चांगली झाली, बाबा."

"ते मला कळलं," वडील म्हणाले. "तुझ्यामाझ्यात राहू दे."

त्यांनी पिशवी उचलली. घरात शिरल्यावर आईने माझ्याकडे पाहिले आणि मी तोंड उघडण्याआधी वडील म्हणाले, "मुलाखतीत राहिला. पुढचं पुढं बघू." आईने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

आज वडील नाहीत, आई नाही. बहिणीचा संसार करून झाला, तिला नातवंडे आहेत. आता हे लिहिल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

वसाहतीत 'साहेब' ही हाक थांबायला वेळ लागला नाही. शेजारचे गार्ड सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "काय रे, दिल्लीवाल्यांपुढं बोबडी वळली का?" आणखी कुणी म्हणाले की तिथे कॉन्व्हेंटची पोरे घेतात, आपल्याला कोण विचारतो. हे मला सोसले. आईचे सोसले नाही. तिने आपल्या मनाशी कारण ठरवून टाकले होते: मुलगा हुशार आहे, पण चारचौघांत बुजतो. मला सुधारायचे तिने मनावर घेतले. पाहुणे आले की ती मला बाहेर बोलावी आणि म्हणे, "बोल की त्यांच्याशी. सांग काय शिकतोस ते." मी सांगत असे. पाहुणे गेले की ती म्हणे, "बघ, आता कसं छान बोललास." हे पुढे कित्येक वर्षे चालले. माझी नोकरी लागल्यावरही चालले.

जोडीदार एकदा सायकल मारत नाशकातल्या द्वारका चौकावरून थेट आमच्या घरी आला. त्याला कुणाकडून तरी कळले होते. आई चहा टाकायला आत गेल्यावर त्याने विचारले, "मुलाखतीत राहिला म्हणत्यात. तू?"

"हो."

"काय विचारलं?"

"तेलावरचे रंग."

"ते तर तुला झोपेत येतंय." तो पुढे सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "डोळ्यांचं तर काय निघालं नाय ना? मला तवापासनं तो सदरा आठवतोय."

आई आत कपबश्या मांडत होती. मी म्हणालो, "डोळ्यांचं काय? मी गंमत केली होती तुझी."

त्याने माझ्याकडे पाहिले. तो साधा मुलगा होता, पण मूर्ख नव्हता. "बरं," तो म्हणाला. चहा प्याला, आईला नमस्कार केला आणि गेला. कॉलेज संपल्यावर त्याने बाग सांभाळायला घेतली. आमच्यात भांडण झाले नाही. येणे-जाणे मात्र राहिले नाही. खूप वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा त्याने बायकोला माझी ओळख करून दिली, "हे आमचे लय हुशार. दिल्लीपर्यंत गेले होते, फक्त तिथं बोलता आलं नाय." मी तिला नमस्कार केला.

मी भौतिकशास्त्रच घेतले. पदवी, पुढची पदवी, मग जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकवले. अंधाऱ्या खोलीतला प्रयोग बहुतेक वर्षे माझ्याकडेच असे. जर्नल उतरवण्याला मी मनाई केली नाही. मनाईने ते थांबत नाही. पांढरा प्रकाश लावायची वेळ आली की मी विद्यार्थ्यांना काय दिसते ते विचारी आणि ते सांगतील ते फळ्यावर लिही. सरांची शिकवण्याची पद्धत म्हणून त्याचे कौतुक होत असे.

वडिलांशी या विषयावर पुलावरच्या त्या संध्याकाळनंतर एकदाच बोलणे झाले. त्याच वर्षीचा पाऊस लागला होता. आईने मला त्यांचा डबा घेऊन पाठवले. केबिनमध्ये ते एकटे होते. घंटा वाजली, त्यांनी उत्तर दिले, लिव्हर ओढला. तारेचा आवाज दूरवर गेला. मी डबा खाली ठेवला.

"तो सिग्नल दिसतो का तुला?" त्यांनी बाहेर बोट केले.

"दिसतो."

"कसा?"

"हात आडवा असला की थांबायचं. खाली पडला की जायचं. आत्ता पडलाय."

ते काही वेळ त्या हाताकडे पाहत राहिले. माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे मी सिग्नल ओळखतो हे त्यांनी पाहिले होते, आणि कशावरून ओळखतो हे विचारायचे त्यांना कधी सुचले नव्हते.

"रात्री हात दिसत नाही," ते म्हणाले. "नुसता दिवा असतो."

"दिवा असतो. लाल मंद दिसतो. हिरवा पांढरट."

"आणि पावसात?"

"पावसात लाल आहे की नाही, ते कळत नाही कधी कधी."

गाडी आली. ते हिरवा बावटा घेऊन खिडकीत उभे राहिले. इंजिन गेले, डबे गेले. शेवटच्या डब्याची खूण पाहून त्यांनी बावटा गुंडाळला आणि लिव्हर जागेवर ढकलला. सिग्नलचा हात पुन्हा आडवा झाला. हे सगळे त्यांनी रोजच्यासारखे केले, घाई न करता. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्यांनी बरोबर केलं. मी त्या खुर्चीत असतो तरी तुला घेतलं नसतं."

मी होय म्हणालो.

"घरी काही बोलू नकोस."

"नाही."

पुढच्या स्टेशनाची घंटा वाजली आणि ते तिकडे वळले. मी जिना उतरलो. खाली पाऊस वाढला होता. छत्री मी वरच विसरलो होतो. परत चढलो नाही. रुळांच्या कडेने भिजत स्टेशनाकडे चालत राहिलो.